राखाडी भिंतीतली खिडकी

घारताई माणसांना टाळूवरून ओळखत असे. चेहरा लक्षात राहायला तिला दोन-तीन भेटी लागत, पण एकदा का जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिले की तो माणूस कायमचा तिच्या डोक्यात बसे. "दूधवाला आला," ती वरूनच जाहीर करी. "आज भांग डावीकडे पाडलाय. कुठेतरी जायचंय वाटतं."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करत असे. तो म्हणे, "मी जन्मभर लिफ्टच्या खाली, ही जन्मभर ढगांच्या वर. मधल्या मधे घर सांभाळते ती आमची आई."

ढगांच्या वर ही त्याची थाप होती. विमानात घारताई एकदाही बसली नव्हती. विमान उडवणारे, त्यातून फोटो काढणारे लोक वेगळे. शेत नांगरावे तसे ते विमान शहरावरून सरळ रेषेत जाई, वळे, पुन्हा शेजारच्या रेषेत येई, आणि दर दोन-तीन सेकंदांनी खालचा फोटो काढी. ते हजारो फोटो घारताईच्या कचेरीत येत. तिथे बसून त्या फोटोंतून शहर उभे करायचे, हे तिचे काम. घारताई हे नावही तिला कचेरीतच पडले. खरे नाव फक्त पगाराच्या कागदावर उरले होते.

काम सांगायला सोपे होते. प्रत्येक घर शेजारच्या दोन फोटोंत येते, एकात जरा या अंगाने, दुसऱ्यात जरा त्या अंगाने. खास चष्मा घातला की एक फोटो एका डोळ्याला दिसतो, दुसरा दुसऱ्याला, आणि सपाट पडद्यावरून घरे उगवून वर येतात. मग एक पांढरा ठिपका हाताने हलवत छपराच्या कोपऱ्यावर टेकवायचा. कमी पडला तर तो हवेत तरंगतो, जास्त झाला तर छपरात बुडतो. बरोबर टेकला की कळते. कसे कळते ते घारताईला विचारले तर ती म्हणे, "सुईत दोरा गेला की कळतो ना? तसं." चारही कोपरे टेकले की छपरावरून भिंती जमिनीपर्यंत सोडायच्या, खिडकीचा पडदा सोडावा तशा. शेवटी तिरक्या फोटोंतून त्या भिंतीचे खरे रूप कापून तिच्यावर चिकटवायचे: दारे, खिडक्या, वाळत घातलेले टॉवेल, सगळे.

हे काम तिने तेवीस वर्षे केले होते आणि ते तिच्या अंगात मुरले होते. चहाचा कप टेबलावर ठेवतानासुद्धा ती एक डोळा बारीक करी आणि कप अलगद टेकवी. आवाज म्हणून होत नसे. सासूबाई म्हणत, "ठेव गं बाई, टेबल काही पळून चाललं नाही."

कामात तिचा एकच नियम होता आणि त्या नियमावर तिचे नाव चालत असे. अरुंद बोळातल्या काही भिंती अशा असतात की त्या कुठल्याच फोटोत येत नाहीत. विमान कितीही फिरले तरी दोन घरांच्या फटीत त्याची नजर उतरत नाही. अशा भिंतींना बाकीचे लोक यंत्रातल्या तयार खिडक्या काढून चिकटवत. दिसायला छान दिसे. एकाने तर अशा एका भिंतीला आठ खिडक्या आणि दोन गॅलऱ्या बहाल केल्या होत्या. पुढे कळले की ते बर्फाचे कोठार होते. घारताई मात्र न दिसलेली भिंत कोरी राखाडी ठेवी. "दिसलं नाही, ते काढलं नाही," ती म्हणे. साहेब तिच्याच हाताखाली शिकलेला, वयाने बारा वर्षांनी लहान. साहेब झाल्यावर त्याने पहिले काम काय केले, तर हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून कचेरीच्या भिंतीवर लावले. घारताई वरवर "कशाला उगाच" म्हणाली, पण रोज आत शिरताना तिची नजर एकदा तिकडे जाईच.

आता तिच्या घरातल्या खिडकीविषयी.

तिचे घर तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. सासूबाईंच्या खोलीला एकच खिडकी, आणि ती बोळावर उघडणारी. बोळ इतका अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावे लागे. पण पलीकडे एक बैठे गोदाम होते, पत्र्याचे. त्याच्या पत्र्यांवरून दुपारी अडीचला ऊन खिडकीत शिरे आणि साडेपाचपर्यंत मुक्काम करी. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षे, त्या जिना उतरल्या नव्हत्या. त्यांचा बाजार, त्यांची सहल, त्यांचे वर्तमानपत्र, सगळे त्या खिडकीत. ऊन आले की त्या खुर्ची सरकवत, आधी पावले उन्हात ठेवत, मग गुडघे, आणि तासाभराने स्वतः पूर्ण उन्हात जाऊन बसत. "शेकून झालं की मी माणसात येते," असे त्या सांगत.

इमारतीचे दारही बोळातच, खिडकीच्या खाली जरा बाजूला, पण खुर्चीतून ते दिसत नसे. त्यावर त्यांनी तोड काढली होती. सासऱ्यांचा दाढीचा आरसा, चांगला ताटलीएवढा, त्यांनी सुतळीने खिडकीच्या उघड्या झडपेला बाहेरून बांधला होता, असा तिरपा की बसल्या जागी दार दिसावे. कोण आले, कोण गेले, कुणाच्या पिशवीत काय, सगळी नोंद असे. घारताईला या आरशाची लाज वाटे.

"आई, काढा ना तो आरसा. लोक हसतात."

"हसू देत. कोण हसतंय ते पण मला त्यात दिसतं."

"समोरच्या गोदामाचा रखवालदार म्हणत होता, दुपारी उजेडाचा कवडसा डोळ्यावर येतो."

"मग जागा राहत असेल. रखवालदाराला आणखी काय हवं?"



तर झाले असे. शहराचे मॉडेल पुरे झाले आणि नगरपालिकेने ते सगळ्यांना पाहण्यासाठी खुले केले. कुणीही घरबसल्या पडद्यावर आपल्या गल्लीतून हिंडावे, वरून पाहावे, खालून पाहावे. त्याच सुमारास बोळापलीकडच्या गोदामाच्या दारावर कागद लागला: गोदाम पाडून तिथे बारा मजली इमारत होणार. किती मजले कुठवर चढवायचे, हे आजूबाजूच्या खिडक्यांचे ऊन किती अडते त्यावर ठरणार, आणि ते मोजणार त्या मॉडेलवरून. हरकत असेल त्याने एकवीस दिवसांत कळवावे.

रविवारी सकाळी नवऱ्याने आईच्या मांडीवर टॅबलेटचा पडदा ठेवला. "बघ, सुनेनं शहर कसं बांधलंय."

सासूबाईंनी चष्मा पुसला. भाजीबाजार पाहिला, शाळा पाहिली, आपल्या बहिणीचे घर पाहिले आणि "हिच्या छपराला ठिगळ आहे, कधी बोलली नाही" अशी नोंद घेतली. मग म्हणाल्या, "आता आपलं दाखव."

नवऱ्याने बोट फिरवले. त्यांची इमारत आली. पुढची बाजू झकास होती, जिन्याची जाळीसुद्धा. तो इमारतीला वळसा घालून बोळात शिरला आणि थांबला. मागची भिंत खालपासून वरपर्यंत राखाडी होती. सपाट. पुसलेल्या पाटीसारखी.

सासूबाईंनी त्या राखाडीवर बोट ठेवले. "माझी खिडकी कुठे आहे?"

स्वयंपाकघरातून घारताई हात पुसत आली, वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. ती भिंत तिचीच होती. म्हणजे तिनेच काढलेली. कामासाठी शहराचे तुकडे पाडलेले असत, आणि या तुकड्याचा क्रमांक तिला पाठ होता. त्या तुकड्यात सत्तावीस इमारती होत्या आणि त्या तिने एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी संपवल्या होत्या. त्यात आपलेही घर आहे हे तिला कळलेच नव्हते. तुकड्यांवर नावे नसतात, रस्ता मधोमध कापलेला असतो, आणि गच्चीची किल्ली मालकाकडे. तेवीस वर्षे ज्या छपराखाली ती झोपली ते छप्पर तिने वरून कधी पाहिलेच नव्हते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "अख्ख्या शहराच्या खिडक्या काढल्यास सूनबाई, आणि म्हातारीची तेवढी लिंपून टाकलीस होय?"

"आई, ती फोटोत दिसत नव्हती."

"फोटोत नव्हती. रोज पाच वाजता माझ्याबरोबर चहा पितेस तेव्हा कुठे बसतेस? भिंतीत?"

नवरा हसायला लागला होता. पण मग त्याला गोदामाच्या दारावरच्या कागदातली ओळ आठवली. "अगं, म्हणजे हिशोबाला आपल्या इथे खिडकीच नाही. मग ऊन अडलं असं कोण म्हणणार? समोर बारा मजले चढले तरी नियमाप्रमाणे कुणाचं काही गेलं नाही."

सासूबाईंनी पडदा मुलाच्या हातात दिला आणि पावले उन्हाच्या जागी सरकवली. ऊन यायला अजून चार तास होते.

सोमवारी नवरा अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेला. खिडकीचा फोटो काढून नेला होता, आईसकट. खिडकीमागच्या कारकुनाने हरकतीचा अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता: मॉडेलमधील खिडकीचा क्रमांक.

"आमच्या खिडकीला क्रमांक नाही."

"क्रमांक नाही म्हणजे खिडकी नाही."

"ही काय, फोटोत."

कारकुनाने फोटो नीट पाहिला. "आजी छान आहेत. पण ही खिडकी कुठल्याही घराची असू शकते. मॉडेल ज्यांनी केलं त्यांनी दुरुस्ती पाठवली तर क्रमांक पडेल. तोवर मी तरी काय लिहू?"

"मॉडेल माझ्या बायकोनंच केलंय."

"मग घरीच विचारा की," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावले.

घारताई त्या दिवशी साहेबापुढे उभी राहिली. पहिल्यांदाच तिला उभे राहावेसे वाटले. सगळे ऐकून घेऊन साहेबाने डोके खाजवले. त्याच्या टाळूवर टक्कल पडायला लागले आहे हे त्याच्या बायकोच्याही आधी घारताईला माहीत होते.

"ताई, खिडकी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, मी तिथे बसून चहा प्यायलोय. पण फोटोत आहे का?"

"नाही."

"मग आपण काय म्हणतो?" आणि त्याने नुसती नजर भिंतीवरच्या त्या मोठ्या अक्षरांकडे वळवली.

घारताईने तिकडे पाहिले नाही.

"तुमचं स्वतःचं घर आहे ताई. उद्या कुणी म्हणालं, बाईनं घरी बसून घरच्यासाठी खिडकी काढली, तर तेवीस वर्षांचं काम पाण्यात. फोटोत शंका घेण्यासारखं काही सापडलं तर मी आजच्या आज पाहणीला माणूस पाठवतो. पण ते फोटोतनं आलं पाहिजे. घरातनं नाही."

तो चुकीचे काही बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. तीच शिकवण तिने त्याला दिली होती, चांगली दोन वर्षे, टपल्या मारून.

हरकतीच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते. घारताई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या जागेचे फोटो काढून बसू लागली. एकूण एकतीस फोटोंत ती इमारत कुठेतरी होती. एकेक करून तिने पाहिले. उत्तरेकडून बोळ म्हणजे काळी रेघ. दक्षिणेकडून काळी रेघ. पश्चिमेकडून तिरका फोटो होता, पण त्यात गोदामाची पाण्याची टाकी नेमकी मधे आली होती, लोखंडी पायांवर उभी, लग्नाच्या फोटोत पुढे येणाऱ्या काकांसारखी. तिच्याआड दुसऱ्या मजल्याची भिंत पार झाकून गेली होती.

घरी सासूबाई मुकाट झाल्या होत्या. हे टोमण्यांपेक्षा वाईट होते. बुधवारी त्या एवढेच म्हणाल्या, "खुर्ची दुसऱ्या खोलीत घेऊन टाका आतापासून. सवय व्हायला हवी." दुसऱ्या खोलीत ट्यूबलाइट होती. नवऱ्याने खुर्ची उचलली नाही. तो म्हणाला, "माझी पाठ दुखतेय." त्याची पाठ कधी दुखत नसे.

गुरुवारी एकतिसावा फोटो संपला. घारताईने चष्मा काढला, डोळे चोळले, आणि सवयीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती भिंत पाहत नव्हती, कारण भिंत दिसत नाही हे पक्के झाले होते. ती नुसती गोदामाच्या पत्र्यांवरून नजर फिरवत होती. टाकीची सावली पत्र्यांवर बोळाच्या बाजूला पडली होती, लांबलचक, काळी. आणि सावलीच्या पोटात एक ठिपका उजळ होता. मसुराच्या डाळीएवढा.

तिला आधी वाटले पडद्यावर धूळ आहे. तिने पदराने पुसले. ठिपका तिथेच. तिने चष्मा लावून पांढरा ठिपका त्या उजळ ठिपक्यावर टेकवला. तो तरंगला नाही, बुडाला नाही. म्हणजे तो पत्र्यावरच होता, वर काही ठेवलेले नव्हते. पत्र्याला पांढऱ्या रंगाचा डाग? तिने विमानाच्या शेजारच्या रेषेतला फोटो काढला, सतरा मिनिटांनंतरचा. ठिपका तिथेही होता, पण वीतभर सरकलेला.

रंगाचा डाग सरकत नाही. आणि सावलीत ऊन पडत नाही. पडले तर ते कुठून तरी परतून आलेले असते.

घारताईने घड्याळ पाहिले, साहेबाला "डोकं दुखतंय" असे सांगितले आणि त्या नोकरीत पहिल्यांदा तासभर लवकर घरी गेली. जिना ती धावत चढली.

"आई, विमान आलं त्या दिवशी, सात मार्चला, तुमचा आरसा खिडकीला होता का?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले. "आता आरशावर आलीस? तो पण लिंपायचाय?"

"आई, सांगा ना. दुपारी तीनच्या सुमाराला."

"होता म्हणजे काय! त्याच आठवड्यात तू तीनदा म्हणालीस काढा काढा म्हणून. मी काढला नाही."

"बरं झालं."

"काय म्हणालीस?"

"बरं झालं काढला नाहीत, म्हणाले."

सासूबाईंनी कान पुढे केला. "नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं म्हण, मुलगा स्वयंपाकघरात आहे, त्यालाही ऐकू दे."

शुक्रवारी साहेबाने तो चष्मा लावला आणि पाच मिनिटे काढला नाही. मग म्हणाला, "गोदामावर कुणी काचेचा तुकडा ठेवला असेल."

"काच असती तर पत्र्याच्या वर बसली असती. टेकवून बघ ठिपका." घाईत ती त्याला अरेतुरे करत होती हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

त्याने टेकवला. "पत्र्यावरच आहे. पण ताई, उजेड परतून आला म्हणून खिडकीच कशी म्हणता येईल?"

"मी खिडकी म्हणतच नाही. मी म्हणते शंका आहे. गोदामाच्या पूर्वेला एकच भिंत आहे आणि ती आपण कोरी दाखवलीय. कोऱ्या भिंतीवरून असा कवडसा येतो का? चकचकीत काहीतरी तिथे आहे, आणि ते हवेत तर टांगलेलं नसेल."

साहेब हसायला लागला. "ताई, हे घरातनं आलं की फोटोतनं?"

"फोटोतनं. घरातनं फक्त आरसा आला."

पाहणीचा माणूस त्याच दुपारी पाठवला गेला. घारताईने सोबत जायचे नाही, असे साहेबानेच ठरवले, आणि ते तिला पटले. त्यामुळे तिथे काय घडले ते तिला नवऱ्याकडून कळले. पाहणीवाला इमारतीच्या दाराशी येऊन पत्ता शोधत होता, तोच वरून आवाज आला, "मोजायची टेप घेऊन आलाय तोच ना? दुसरा मजला. डावीकडचं दार. बुटाची नाडी सुटलीय, आधी बांधा, जिना वाईट आहे." तो दचकून वर पाहू लागला तर वर कुणीच नाही. खोलीत येऊन त्याने खिडकी मोजली, तिच्यातून बाहेर वाकला, आत आला, आणि चहा घेऊन गेला. वहीत त्याने लिहिले: खिडकी एक, उघडी, वापरात. मग थोडे थांबून पुढे लिहिले: फार वापरात.

सोमवारी घारताईच्या शेजारी बसणाऱ्या बाईने ती खिडकी मॉडेलमध्ये घातली. घारताईने स्वतः हात लावला नाही, खुर्ची वळवून पाठ करून बसली. तरी दोनदा म्हणालीच, "जरा डावीकडे. नाही, उगाच म्हटलं, तू तुझं कर." खिडकीला क्रमांक पडला. नवऱ्याने मुदत संपायच्या दोन दिवस आधी अर्जातला तो रकाना भरला आणि कारकुनाने शिक्का मारताना विचारले, "आजी बऱ्या आहेत ना?"

बारा मजले पुढे आठच झाले, आणि बोळाच्या बाजूला इमारत पायऱ्या-पायऱ्यांनी मागे सरली. ऊन आता अडीचऐवजी पावणेतीनला येते. ही पंधरा मिनिटे बांधकामवाल्यांनी खाल्ली असे सासूबाई येईल त्याला सांगतात. गोदामाचा रखवालदार आता नव्या इमारतीचा रखवालदार आहे, आणि तो म्हणतो की कवडसा अजून त्याच्या डोळ्यावर येतो.

कचेरीतली ती मोठी अक्षरे अजून भिंतीवर आहेत. खाली साहेबाने पेनने बारीक अक्षरांत एक ओळ घातली आहे: दिसलं नाही तर आधी सावलीत बघा. घारताई वरवर म्हणाली, "कशाला उगाच."

मॉडेलमधली खिडकी सासूबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"आरसा नाही यात."

"अर्ध्या मीटरपेक्षा लहान वस्तू काढत नाहीत, आई. नियम आहे."

"आणि मी? मी काही अर्ध्या मीटरची नाही."

"तुम्ही फोटोत नव्हता."

सासूबाईंनी खाली पाहिले. पावले उन्हात होती, गुडघे अजून यायचे होते.

"ते विमान पुन्हा कधी येणार आहे?"

"चार-पाच वर्षांनी असेल. का?"

"आदल्या दिवशी सांग मला," त्या म्हणाल्या आणि खुर्ची वीतभर पुढे सरकवली. "खिडकीतनं चांगली बाहेर वाकून बसते. बघू कशी काढत नाहीस ते."